उसातला अंधार, गुहेतलं आकाश

वडगाव रासाईच्या शिवारात ऊस एकदा माणसाच्या डोक्यावर गेला की वाटांचे बोगदे होतात. दिवसा त्याचं काही वाटत नाही. ट्रॅक्टर जातो, दुधाची मोटरसायकल जाते, शाळेची पोरं सायकली हाणत जातात. पण शेतीची लाइट रात्रीच्या पाळीची असली आणि दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, जायची वेळ आली की तीच वाट निराळी होते. दोन्हीकडे पानांची भिंत, वर आभाळाची अरुंद पट्टी. बॅटरीच्या उजेडात पुढची पाच-सात पावलं दिसतात. त्यापलीकडचं सगळं कानांनी कळतं: पाटातलं पाणी, पाचटातून सरकून जाणारं काहीतरी, भीमेच्या अंगाला ओरडणारी टिटवी.

चौदा वर्षांचा असताना मी चुलत्यांबरोबर पहिल्यांदा असा गेलो. मधेच उजव्या हाताचा ऊस सळसळला. मी जागच्या जागी थांबलो.

“तात्या, ऊस हलतोय.”

“वारं हाय. बॅटरी पायापाशी धर, लांब मारू नको.”

लांब मारली की डोळे उजेडाला बांधले जातात आणि पायाखालचा पाट दिसत नाही, हे त्यांनी नंतर सांगितलं. आज त्या उसात बिबट्या असू शकतो. शिरूर तालुक्यातली माणसं त्याला सरसकट वाघच म्हणतात आणि एकट्याने दारं धरायला जात नाहीत. तेव्हा वाघ नव्हता, तरी ती भीती मला अजून आठवते. त्या भीतीत एक ओढही होती. पुढच्या वळणावर काय आहे ते बघायचंच होतं.

पुढे अनेक वर्षांनी अद्भुत साहसाचे व्हिडिओ गेम खेळताना ही ओढ मला पुन्हा भेटली, जशीच्या तशी. या खेळांत राक्षस असतात, तलवारी असतात, जादू असते. पण खेळणाऱ्यांना विचारा, तुला काय आठवतं? दहातले आठ जण एखादी जागा सांगतील. पाऊस न थांबणारं शहर, जमिनीखालची नदी, वाऱ्याशिवाय कसलाच आवाज नसलेला किल्ला. या जागा मनात घर का करतात आणि त्या बनवणारी माणसं नेमकं काय करतात, ते या प्रकरणात बघायचं आहे.

आपल्याकडे यासाठी फार नेमका शब्द आहे: वातावरण. वात म्हणजे वारा आणि आवरण म्हणजे झाकण. पृथ्वीभोवतीचं हवेचं पांघरूण असा त्याचा मूळ अर्थ. एखाद्या जागेला वातावरण आहे असं आपण म्हणतो तेव्हाही काहीतरी झाकलेलं असतं आणि ते झाकलेलं आहे हे आपल्याला जाणवत असतं. माझ्या मते खेळातल्या जागांचं सगळं कौशल्य या दुसऱ्या शब्दात, ‘आवरणा’त आहे.

सुरुवात एका खऱ्या गुहेपासून करू. विल क्राउदर हा अमेरिकी प्रोग्रामर. आजच्या इंटरनेटची पूर्वज असलेल्या आर्पानेटच्या उभारणीत त्याचा हात होता. सुटीत तो आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहाजालात उतरायचे, सरपटत मोजमापं घ्यायचे आणि नकाशे काढायचे. फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत हे १९७२ साली सिद्ध झालं. ते शोधणाऱ्या तुकडीत पॅट्रिशिया होती. पुढे दोघं वेगळे झाले. १९७५-७६च्या सुमारास क्राउदरने आपल्या मुलींसाठी संगणकावर एक खेळ लिहिला. त्यात चित्र एकही नव्हतं. पडद्यावर चार ओळींत जागेचं वर्णन यायचं, तुम्ही ‘उत्तर’ किंवा ‘खाली’ असं टाइप करायचं आणि पुढची जागा उघडायची. त्या जागा बऱ्याच अंशी मॅमथ गुहेच्या बेडक्विल्ट भागातल्या होत्या, त्याने स्वतः मोजलेल्या. १९७७ साली स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने त्यात अद्भुताची मोठी भर घातली आणि ‘कलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ संगणक असलेल्या संस्थांमधून भराभर पसरला. साहसी खेळांना आजही ‘अ‍ॅडव्हेंचर’ म्हणतात ते या खेळाच्या नावावरून.

हा खेळ तोंडपाठ असलेली माणसं पुढे खऱ्या बेडक्विल्टमध्ये उतरली, तेव्हा कधीही न पाहिलेल्या गुहेत त्यांना वाटा ओळखीच्या वाटल्या, असे अनुभव नोंदलेले आहेत. शब्दांत उतरवलेली जागा इतकी पक्की होती. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की क्राउदरने वातावरण निर्माण करायचं असं काही ठरवलेलं नव्हतं. अंधारात गुडघ्यांवर चालून जे कळलं होतं ते त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. दिव्याची बॅटरी संपत जाणं हा त्या खेळातला मोठा धाक आहे.

असाच दुसरा दिवा जपानमधला. शिगेरू मियामोतो १९५२ साली क्योटोजवळच्या सोनोबे गावी जन्मला. भोवती भातशेती, टेकड्या, झाडी. लहानपणी भटकताना त्याला एक गुहा सापडली. आत जायचं धैर्य लगेच झालं नाही. मग तो कंदील घेऊन परत आला आणि आत शिरला. १९८६ साली त्याने केलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’मागे हीच आठवण आहे, असं त्याने पुढे वेळोवेळी सांगितलं. त्या खेळाच्या पहिल्याच चित्रात एक काळं दार दिसतं, डोंगराच्या पोटात जाणारं. काही न सांगता खेळणारा त्या दाराकडे जातो. सोनोबेचा कंदील आणि तात्यांची बॅटरी यांत मला फरक दिसत नाही. दोन्हींना फक्त पुढची पाच-सात पावलं दाखवायची होती.

याच मालिकेतला २०१७चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ म्हणजे आवरणाचा पाठच आहे. प्रचंड मोकळा मुलूख, हवं तिकडे जा. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी क्योटोचा. मुलुखातली अंतरं किती ठेवावीत हे ठरवायला त्याने खेळाच्या नकाशावर आपल्या गावाचा नकाशा ठेवून बघितला. घरापासून देवळापर्यंत चालायला किती वेळ लागतो हे त्याच्या पायांना माहीत होतं, आणि नकाशातल्या रिकाम्या जागेला त्या सवयीने माप दिलं. त्याच्या सहकाऱ्यांनी दुसरी एक युक्ती उघडपणे मांडली आहे: त्रिकोण. मुलुखातले डोंगर, टेकाडं, खडक शक्यतो त्रिकोणी ठेवायचे. चौकोनी इमारतीमागची वस्तू एकदम दिसते किंवा अजिबात दिसत नाही. डोंगराच्या उतारामागची वस्तू हळूहळू उघडते: आधी शिखर, मग छप्पर, मग दार. आणि डोंगर समोर आला की चालणाऱ्यापुढे प्रश्न येतो, वरून जायचं की वळसा घालायचा? दोन्ही वाटांवर वेगळं काही दिसतं. मोठे त्रिकोण लांबून खुणावतात, मधले झाकतात, छोटे पावलांची लय सांभाळतात.

दौंडच्या सपाटीवरून पश्चिमेला जाताना हे जमिनीवर बघता येतं. सोलापूर रस्त्याने यवतकडे यावं. आधी क्षितिजावर एक निळसर रांग असते. मग तिच्यातली एक टेकडी वेगळी होते. मग तिच्या माथ्यावर काहीतरी बांधलेलं आहे असा संशय येतो. ते भुलेश्वर.

भुलेश्वराबद्दल मला थोडं थांबून सांगायचं आहे, कारण कोणत्याही खेळाच्या रचनाकाराने तिथे एक दिवस घालवावा असं मला मनापासून वाटतं. पुरंदर तालुक्यातल्या माळशिरसच्या हद्दीतलं हे यादवकालीन शिवमंदिर. सतराव्या शतकात विजापूरच्या मुरार जगदेवाने इथे दौलतमंगळ किल्ला बांधला, त्याचे बुरूज आणि तटाचे अवशेष अजून आहेत. बाहेरून बघितलं तर उंच, जाड भिंती आणि वर नंतरच्या काळातलं चुन्याचं बांधकाम. आत काय असेल याचा काहीही पत्ता लागत नाही. दारातून शिरलं की एकदम थंडावा आणि अंधार. अरुंद पायऱ्या चढाव्या लागतात, हात आपोआप भिंतीला जातो. आणि मग वर येतो तो नंदीपाशी, भोवती काळ्या दगडाचं असं कोरीवकाम की बाहेरच्या भिंतींचा विसर पडावा. रामायण-महाभारतातले प्रसंग, सुरसुंदरी, स्त्रीरूपातला गणेश. पुष्कळ मूर्ती फोडलेल्या आहेत. तुटलेल्या चेहऱ्यांवरून कवडसा सरकतो तेव्हा बोलणारा माणूसही गप्प होतो.

हे का घडतं, याचं एक कारण डोळ्यांत आहे. उन्हातून अंधारात गेलं की डोळ्यांना पुरतं सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण अंधारातून उजेडात आल्यावर काम क्षणांत होतं. त्या क्षणभरात समोरचं दृश्य वाजवीपेक्षा उजळ दिसतं. दाबून धरायचं आणि मग एकदम सोडायचं. आजच्या गेम इंजिनांमध्ये डोळ्यांच्या या सवयीची मुद्दाम नक्कल केलेली असते. पात्र बोगद्यातून बाहेर आलं की पडदा आधी पांढरा होतो आणि मग दृश्य जागेवर येतं. भुलेश्वराच्या गवंड्यांकडे असं कुठलं सॉफ्टवेअर नव्हतं. त्यांच्याकडे सूर्य होता आणि जाड भिंत होती.

हीच युक्ती उलट्या दिशेने वापरलेली मी पाहिली ती २०२२च्या ‘एल्डन रिंग’मध्ये. हिदेताका मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाचा हा खेळ. धुकट जंगलात एक साधं दगडी बांधकाम लागतं, आत एक पाळणा. त्यावर उभं राहिलं की तो खाली जाऊ लागतो. जातो, जातच राहतो. किती खोल? आता थांबेल असं दोनदा वाटतं आणि तो थांबत नाही. अखेर दार उघडतं आणि समोर आकाश. जमिनीच्या पोटात, चांदण्यांनी भरलेलं जांभळट आकाश, त्याखाली सिओफ्रा नावाची नदी आणि पडक्या खांबांची वस्ती. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि नुसता बघत बसलो. वर चढून प्रकाशात येण्याऐवजी खाली उतरून आकाशात यायचं, हा उलटा प्रवास पाळण्याच्या त्या लांबलेल्या वेळेशिवाय फसला असता.

आवरण कधी अडचणीतूनही जन्मतं. पहिल्या प्लेस्टेशनची ताकद बेताची होती. एका वेळी लांबवरचं सगळं शहर रंगवणं त्याला झेपत नसे. १९९९च्या ‘सायलेंट हिल’ या भयखेळाने यावर दाट धुक्याचा उपाय केला. दहा पावलांपलीकडचं रंगवायचंच नाही, ते धुक्यात. यंत्राचा भार हलका झाला आणि धुकं हीच त्या गावाची ओळख झाली. अद्भुत खेळांनीही ते उचललं. आजची यंत्रं कैक पटींनी ताकदवान आहेत, तरी रचनाकार धुकं सोडत नाहीत. उभा ऊस आमच्याकडे हेच करतो. तोड झाली की तेच रान इतकं उघडं-बोडकं दिसतं की रात्री आपण कशाला भ्यालो होतो ते कळत नाही.

आता आवाज. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमधल्या टीम चेरी या मूठभर माणसांच्या गटाने २०१७ साली ‘हॉलो नाइट’ काढला. हाताने काढलेल्या चित्रांचा, किड्यांच्या भूमिगत राज्याचा खेळ. त्यात ‘सिटी ऑफ टिअर्स’ नावाचं शहर आहे. तिथे पाऊस थांबत नाही. जमिनीखाली पाऊस कसा? त्याचं उत्तर खेळ लगेच देत नाही. कितीतरी तासांनी, वरच्या एका कोपऱ्यात भटकताना एक शांत निळं तळं लागतं आणि तेव्हा डोक्यात उजेड पडतो: या तळ्याचं पाणी खडकातून झिरपतंय, खाली शहरावर पडतंय. इतका वेळ ज्याला आपण नुसती शोभा समजत होतो त्याला कारण होतं. या एका शोधासाठी मी तो खेळ कुणालाही खेळायला सांगेन. क्रिस्टोफर लार्किनचं संगीत त्या शहरात शिरताना हलकं होतं आणि काचांवरच्या पावसाला जागा देतं.

फुमितो उएदाच्या २००५च्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये तर भटकताना संगीतच नाही. विस्तीर्ण, ओसाड मुलूख, एक घोडा, सोळा महाकाय प्राणी, आणि मधे काहीही नाही. किरकोळ शत्रू नाहीत, गावं नाहीत. वारा आणि टापा. उएदा आपल्या पद्धतीला वजाबाकी म्हणतो: जे काढून टाकता येईल ते काढायचं. त्या पोकळीत खेळणारा आपले विचार घेऊन चालतो, आणि हे असं काय आहे, इथे कोण राहत होतं, असं स्वतःलाच विचारू लागतो.

आपल्या मातीतलं उदाहरण पुण्यातलं आहे. शिरूर तालुक्यातली माणसं रोज ज्या पुण्याला कामाला जातात, त्याच पुण्यात २०१७ साली नॉडिंग हेड्स गेम्स ही छोटी कंपनी उभी राहिली. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड हे तिचे संस्थापक. त्यांना भारतीय पुराणकथांवर साहसी खेळ करायचा होता. त्याच वर्षी त्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा करायचा प्रयत्न केला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. काम थांबलं नाही. ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये संगणक आणि इतर कन्सोलवर. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या नामांकनांत त्याचं नाव होतं.

राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुर मुलांना पळवून नेतात, त्यांत तिचा धाकटा भाऊ गोलू असतो. ती त्याच्या शोधात निघते, आणि दुर्गा व विष्णू वरून तिच्याविषयी आपसांत बोलत कथा सांगतात. खेळाच्या जागा राजस्थानी किल्ले-महालांवरून आणि पहाडी लघुचित्रांवरून घेतलेल्या आहेत. झरोके, छत्र्या, जाळ्या, पाण्याची कुंडं. रंग हाताने चढवल्यासारखे. कॅमेरा कायम लांब आणि उंच. हा निर्णय मला फार आवडतो. खेळणाऱ्याला तो फिरवता येत नाही. मोठ्या प्रांगणातून राजी धावते तेव्हा ती बोटाएवढी दिसते, वाडा पडदाभर. लघुचित्रातही माणूस असाच वाड्याच्या एका खणात असतो. मोकळ्या कॅमेऱ्याच्या जमान्यात चौकट आपल्या हातात ठेवायची, हे धाडस त्या चित्रपरंपरेतून आलं. भिंतींवर चित्रं आहेत, राजी त्यांच्यापाशी थांबली की देवता त्यांतली कथा सांगतात. आपण देवळात आजीचं बोट धरून असंच थांबत होतो, ती एकेका शिल्पाची गोष्ट सांगायची.

पण खेळ संपल्यावर मला एक हुरहूर लागली. पुण्यात बसून बनवलेल्या खेळात राजस्थान आहे, दख्खन नाही. यात चूक काही नाही. जगाच्या डोळ्यांत भारताचा किल्ला म्हणजे राजस्थानचा किल्ला, आणि पहिल्या खेळाला ओळखीचं रूप हवं असतं. त्याच २०१७ साली आलेल्या ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ने पश्चिम घाट गाठला, पण होयसळांच्या कर्नाटकातला. बेलूर-हळेबिडूच्या वाटेवर त्या खेळातली जीप येऊन गेली, आपल्या बाजूला उतरली नाही. काळा बसाल्ट, बुटके मजबूत बुरूज, बारवेच्या पायऱ्या, पावसाळ्यात चार महिने हिरवी आणि मग पिवळी पडणारी माळरानं, या सगळ्याचं सौंदर्य पहिल्या नजरेत भरत नाही. त्याच्याजवळ जावं लागतं, आत शिरावं लागतं. मी आत्तापर्यंत ज्याला आवरण म्हणत आलो ते दख्खनच्या जमिनीत मुळातच आहे, म्हणून ही हुरहूर.

इनामगावचंच बघा. शिरूर तालुक्यातलं घोड नदीच्या काठचं हे गाव. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. ख्रिस्तपूर्व १६०० ते ७००च्या दरम्यानच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. घरं, धान्याची पेवं, नदीचं पाणी वळवणारा पाट आणि बांध. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही इथे कुणीतरी दारं धरत होतं. घराच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुलं सापडली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवलेली. मोठ्या माणसांचे सांगाडे सापडले, त्यांतल्या पुष्कळांचे घोट्याखालचे पाय तोडलेले. गेलेला माणूस उठून दूर चालत जाऊ नये म्हणून, असं अभ्यासकांना वाटतं. एका घरात मातीची झाकणाची पेटी होती, आत कच्च्या मातीची बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि सोबत एक बैल. मूर्तीच्या पोटाला छिद्र, बैलाच्या पाठीला छिद्र, काडी घातली की देवी बैलावर उभी राहते.

यातलं एकही वाक्य कुणी लिहून ठेवलेलं नाही. वस्तू आहेत आणि त्यांची जागा आहे. अद्भुत खेळांत आज गोष्ट सांगायची सगळ्यात परिणामकारक पद्धत नेमकी हीच आहे. रिकामी खोली, उलटलेलं भांडं, दाराकडे तोंड केलेला सांगाडा, आणि खेळणारा स्वतः कथा जुळवतो. मियाझाकी सांगतो की लहानपणी त्याला न झेपणारी पुस्तकं तो वाचायचा. अर्ध्या ओळी कळत नसत, तिथे तो आपल्या कल्पनेने भर घालायचा. त्याच्या खेळांतल्या तुटक गोष्टी तिथून आल्या. इनामगावच्या त्या पेटीसमोर प्रत्येक माणूस लहानपणचा मियाझाकी असतो. तोडलेले पाय बघून कुणाच्या मनात भीती येईल, कुणाच्या मनात माया. मला तर वाटतं दोन्ही एकाच वेळी खरं आहे: आपलं माणूस घरातच राहावं म्हणून केलेली इतकी कठोर गोष्ट.

अशी एखादी जागा खेळात आणायची झाली तर मी निघोजपासून सुरुवात करीन. शिरूरचं टाकळी हाजी आणि पारनेरचं निघोज यांच्या मधून कुकडी वाहते. काठावर मळगंगा देवीचं देऊळ आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की नदीच्या तळातला काळा खडक उघडा पडतो आणि त्यात शेकडो रांजणखळगे दिसतात, काही ओंजळीएवढे, काही माणूस आत बुडेल एवढे. पुराच्या पाण्याला भोवरे पडतात, भोवऱ्यात सापडलेले गोटे गरागरा फिरतात आणि खडक खरवडत खाली जातात. हजारो वर्षं हे चाललंय. कडेला उभं राहिलं की कुणीतरी बसून ही भांडी घडवली असावीत असं वाटतं. पावसाळ्यात तिथेच यावं तर सगळं गायब. गढूळ पाणी, कानठळ्या, आणि त्याखाली तीच कलाकुसर चालू. एकाच जागेची दोन रूपं, वाट ऋतूप्रमाणे उघडणारी आणि मिटणारी. उन्हाळ्यात दगडावरून उड्या मारत पार व्हायचं, पावसाळ्यात पलीकडच्या काठावर हाका मारायच्या.

कुकडी घोडेला मिळते, घोड भीमेला. आणि वडगाव रासाईच्या पट्ट्यात भीमा आणखी एक गोष्ट करते, जी कुठल्याही रचनाकाराने वहीत लिहून घ्यावी. मुळा-मुठेचं पाणी रांजणगाव सांडसजवळ भीमेत येतं. त्यामुळे खडकवासल्याहून पाणी सोडलं की ते इकडे येतं. वरती घाटमाथ्यावर धो-धो पाऊस असतो, आमच्याकडे कोरडं ऊन. आभाळात ढगाचा तुकडा नाही, वारा नाही, आणि नदी चढत असते. आवाज न करता. कुणी सांगायला येत नाही. काठावरचे मोटरवाले घाईघाईने मोटरी वर ओढतात.

तात्या अशा वेळी पाण्याच्या कडेला एक काडी रोवायचे आणि घरी येऊन जेवायला बसायचे. मला झोप यायची नाही. पहाटे उठून मी बांधावरून पळत जायचो. काडी दिसायची नाही. ती जिथे रोवली होती ती जागाही सापडायची नाही. माझ्या ओळखीचा धुण्याचा दगड, उतरायची पायवाट, कडेची बाभळ, सगळ्यांवरून तपकिरी पाणी सपाट वाहत असायचं, आणि पलीकडचा दौंडचा काठ एका रात्रीत लांब गेलेला असायचा.